चिपी की मोपा? आपल्या सड्यांवरचे दोन विमानतळ

सड्यावरचा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो. माझं गाव सिंधुदुर्गात परुळ्याच्या बाजूला, आमच्या घरामागची चढण चढली की चिपीचा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, लागतं. लहानपणी गुरं घेऊन तिथेच जायचो. पावसात सगळा कातळ निळाजांभळा व्हायचा, चिखलाचा थेंब नाही आणि पायाखाली नुसती फुलं. त्याच सड्यावर आता अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे. आमच्या घराची पण थोडी जमीन त्यात गेली. आजोबांनी सही केली तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुंबईतली पोरं चतुर्थीला लवकर पोचतील.

९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा मी गावातच होतो. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एका मंचावर, ज्योतिरादित्य शिंदे ऑनलाइन. दुसऱ्या दिवशी सगळ्या बातम्यांत कोण कोणाला काय बोललं आणि विमानतळ कोणी आणला एवढंच. कुडाळहून विमानाच्या वेळेला एसटी आहे का, पावसात विमान उतरणार का, हे कोणी विचारलं नाही. आमच्या गावातल्या कोणालाच त्या भांडणात रस नव्हता हो, पोरंटोरं विमान बघायला सड्याच्या कुंपणाशी उभी होती आणि बायका हात जोडत होत्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईचं विमान बंद झालं. आणि तोपर्यंत गोव्याचा मोपा विमानतळ सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती. मधल्या एका पावसाळ्यात बाबा अचानक आजारी पडले म्हणून मी विमानाने निघालो, चिपीवर ढग उतरलेले, वैमानिकाने वर दोन घिरट्या घातल्या आणि विमान मोप्याला नेलं. त्याने योग्यच केलं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण खिडकीतून मला कर्लीची खाडी दिसली होती, म्हणजे घर खाली होतं आणि मी मोप्याहून गाडी करून दोन तासांनी घरी पोचलो.

तर प्रश्न असा. चिपीसाठी आपण भांडत राहायचं, की मोपा दीड-दोन तासांवर आहे तर तोच आपला म्हणून घ्यायचा आणि हा विषय सोडायचा? मला स्वतःला चिपी हवाय. पण का हवाय, ते नीट सांगता येत नाही. तुमचे अनुभव लिहा.

चाकरमानी_लालबाग

मोपा. घर सावंतवाडीत असेल तर दुसरा विचारच नको, बांद्यावरून उतरलं की पाऊण तासात दारात.

सोलकढी

मी चिपीवरून दोनदा गेलेय. पहिल्या खेपेला आईने सुका बांगडा चार प्लॅस्टिकमध्ये बांधून हँडबॅगेत दिला होता, सिक्युरिटीवाल्या मुलीने बॅग उघडली आणि म्हणाली ताई हे आमच्या मालवणचं का? मी हो म्हटलं तर म्हणाली मग बंद करा लवकर, माका भूक लागता. एवढं आपलेपण मुंबईच्या विमानतळावर मिळेल का सांगा 😄 माझं मत चिपीला.

तिठ्यावरचा

@चाकरमानी_लालबाग तुमचं घर सावंतवाडीत म्हणून. आमचं मालवण, देवगड, कणकवली बाजूचं काय? मी गाडी चालवतो, एमएच ०७ पासिंग. चिपीचं विमान होतं तेव्हा विमानाच्या दिवशी आम्ही चार-पाच जण आलटून पालटून भाडं घ्यायचो, तारकर्ली, भोगवे, निवती, कधी कुडाळ स्टेशन. कोणी श्रीमंत झालं नाही पण गाडीचा हप्ता निघत होता. मुंबईचं बंद झाल्यावर आता मोप्याला जाऊन भाडं आणायला लागतं, तिथे आत गाडी लावून उभं राहायची सोय नाही, बाहेरच्या राज्याची गाडी म्हणून वाकडी नजर, पॅसेंजरने आधी फोन करून बोलावलं असेल तरी कोणीतरी येऊन विचारणार की तू इथे कसा, आणि पॅसेंजर बिचारा बॅगा घेऊन उन्हात चालत येतो माझ्यापर्यंत. मी भांडत नाही. त्यांच्या पोटाचा पण प्रश्न आहे हे मला कळतं. पण मोपा आपलाच माना असं कोणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, आपला म्हणजे नक्की कोणाचा?

पेडणेकार

@तिठ्यावरचा भावा, तुझं खरं आहे आणि आमचंही ऐक. मी पेडण्याचा, मोप्यापासून दोन गाव सोडून. आमच्या टॅक्सीवाल्यांना पण सहज काउंटर मिळाला नाही. आमची जमीन गेली, आमच्या पोरांना काम द्या म्हणून विमानतळ सुरू झाल्यावर किती दिवस उपोषणं, मोर्चे चालले. जमीन मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे, नागझर अशा गावांची. धनगरांची घरं होती सड्यावर, पिढ्यान्पिढ्या तिथे गुरं राखणारी, त्यांना उठवून दुसरीकडे घरं दिली. ज्यांचं अख्खं जगणं चरणीवर, त्यांना स्लॅबचं घर दिलं म्हणजे पुनर्वसन झालं असं मी मानत नाही.

पहिल्या पावसात कामाच्या जागेवरची माती वाहून खालच्या शेतात आली. माझ्या मावशीच्या वायंगण शेतात गुडघाभर लाल चिखल बसला होता. नुकसानीचा पंचनामा झाला, कागद झाले. मावशीने ती शेती परत केलीच नाही.

तरी मी मोप्याच्या विरोधात नाही. माझा भाचा तिथे कामाला आहे आणि तो आनंदात आहे. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत म्हणून लिहिलं.

हवाईगणित

थोडं गणित सांगतो, कारण इथे बरेच जण म्हणतात राजकारणामुळे विमान बंद झालं. राजकारण आहेच, पण मुंबई-चिपी बंद पडायची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली होती.

ही सेवा 'उडान' योजनेतली. या योजनेत विमानातल्या साधारण अर्ध्या सीट ठराविक दराने विकायच्या, तासाभराच्या उड्डाणाला सुरुवातीचा दर अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यामुळे कंपनीला जो तोटा होतो तो सरकार भरून देणार. ही मदत तीन वर्षं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू, ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षं पुरी. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील असं योजनेत धरलेलं असतं. तो उभा राहायचा तर तीन गोष्टी लागतात. विमान रोज आणि वेळेवर उडायला हवं म्हणजे लोक भरवसा ठेवतात, सोयीची वेळ हवी, आणि उतरल्यावर पुढे जायला गाडी हवी. चिपीला यातली एकही गोष्ट धड जमली नाही. पावसाळ्यात सड्यावर ढग टेकले की उड्डाण रद्द, एकदा रद्द झालं की तो प्रवासी पुढच्या वेळी कोकण रेल्वेचं तिकीट काढतो. बरोबरच आहे त्याचं.

दुसरी अडचण मुंबईची. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथल्या प्रत्येक मिनिटाला मागणी. सत्तर सीटचं एटीआर हे छोटं विमान उतरायला जेवढा वेळ घेतं, साधारण तेवढ्याच वेळात दोनशे माणसांचं मोठं विमान उतरतं. मग सकाळची चांगली वेळ चिपीला कोण देणार? आता नवी मुंबईचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालंय, तिथे वेळा मोकळ्या आहेत. मागणी करायची असेल तर नुसती 'मुंबई विमान सुरू करा' अशी नको, 'नवी मुंबई-चिपी, सकाळी, रोज' अशी करा.

आणि हो, चिपी पूर्ण बंद नाही. फ्लाय ९१ या गोव्याच्या कंपनीने २०२४ मध्ये पुणे, बंगळूर, हैदराबाद अशी विमानं चिपीवरून चालू केली. गावातल्या लोकांनाही हे माहीत नसतं.

वेंगुर्ल्याची

@हवाईगणित हे इतकं सोपं करून कोणी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षांची मुदत आहे हे उद्घाटनाच्या भाषणात एकाने जरी सांगितलं असतं तर आम्ही तीन वर्षं स्वस्थ बसलो नसतो.

रापण

माझं भोगव्याला छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. कर्ज काढून बांधलं ते चिपीच्या भरवशावर. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासून ऐकतोय पर्यटन येणार. विमान चालू असताना पुण्या-मुंबईचे म्हातारे आईवडील असलेले लोक यायचे, ज्यांना दहा तास गाडीत बसवत नाही. ती माणसं चार दिवस राहतात, आमच्या हातचं जेवतात, जाताना कोकम, आंबोशी घेऊन जातात. आता जे येतात ते बहुतेक गोव्याला जाताना एक रात्र टेकणारे.

म्हणून कोणी 'विमानतळ हवाच कशाला' म्हटलं की मला राग येतो. पुण्यात बसून सड्यावरच्या फुलांसाठी गळा काढणं सोपं आहे.

कातळफूल

@रापण मी पुण्यात बसलेली नाही, मी कणकवलीत शिकवते आणि गेली कित्येक वर्षं पावसाळ्यात मुलांना घेऊन सड्यावर जाते. तुमच्या कर्जाची काळजी मला समजते. पण फुलांसाठी गळा काढणं हे वाक्य नका वापरू.

कातळावर बोटभर माती असते. त्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारा दवबिंदू हे सगळं तीन-चार महिन्यांत जगून बी टाकून मोकळं होतं. पण मी फक्त फुलांबद्दल बोलत नाहीये. जांभा दगड सच्छिद्र असतो, सड्यावर पडलेलं पाणी त्यातून मुरतं आणि खाली झऱ्यांना, विहिरींना येतं. सड्याखालच्या वाड्यांना मे महिन्यात पाणी मिळतं ते वरच्या कातळामुळे. आपण सरकारी कागदावर त्याला 'पडीक' लिहितो. पडीक लिहिलं की घ्यायला सोपं जातं.

मोप्याच्या बाबतीत हेच न्यायालयात गेलं होतं. २९ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, कारण अर्जात आजूबाजूची राखीव जंगलं आणि आपल्या सिंधुदुर्गातली संवेदनशील गावं नीट दाखवलीच नव्हती. विमानतळ गोव्यात, पण परिसर धरला तर आपला दोडामार्ग, सावंतवाडी त्यात येतो. इकडच्या किती ग्रामपंचायतींना त्या सुनावणीची खबर होती? जानेवारी २०२० मध्ये जास्तीच्या अटी घालून आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला देखरेखीला नेमून स्थगिती उठली. तोवर पन्नास हजारांच्या वर झाडं तोडायचा प्रश्न कागदावरून निघून जमिनीवरच निकालात निघाला होता.

मला विमानतळ पाडायचा नाही. झाला तो झाला. पण चिपी चालावा म्हणून तुम्ही जोर लावाल तेव्हा उरलेला सडा तरी हॉटेलांना वाटला जाणार नाही असं त्याच निवेदनात लिहा. एवढंच मागते.

रापण

@कातळफूल बाई, चुकलो. पुण्याचं वाक्य मागे घेतो. आमच्या वाडीची विहीर पण सड्याखालचीच आहे, हे लिहिताना डोक्यात आलं नाही.

मडगावची

तुमच्या चर्चेत दाबोळी कोणी आणत नाही म्हणून लिहिते. आमच्या दक्षिण गोव्यात हा विषय निघाला की घरात जेवताना भांडणं होतात.

दाबोळी मुळात पोर्तुगिजांनी बांधलेला, १९६१ च्या डिसेंबरात भारतीय विमानांनी तिथे बाँब टाकले, नंतर नौदलाकडे आला आणि आजही आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ तिथेच. नागरी विमानांना नौदलाच्या वेळा सांभाळून जागा मिळते. म्हणून दुसरा विमानतळ हवा हे म्हणणं जुनं आहे. केंद्राने २००० साली मोप्याला तत्त्वतः मान्यता दिली तेव्हा अट होती की मोपा झाला की दाबोळीची नागरी वाहतूक बंद. दक्षिणेत याच्यावर केवढं आंदोलन झालं. २०१० मध्ये ती अट काढली, दोन्ही चालतील असं ठरलं. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाने आम्हाला सांगितलं दाबोळी बंद होणार नाही.

बंद झाला नाही हे खरं. पण २०२४ मध्ये कतारचं विमान दाबोळी सोडून मोप्याला गेलं तेव्हा आमच्या बाजूच्या लोकांच्या पोटात गोळा आला. माझ्या नवऱ्याचं विमानतळाजवळ प्रवासी सामानाचं दुकान. त्याचं गिऱ्हाईक बहुतेक आखाताला जाणारी मंडळी. बंद न करता बंद पाडता येतं एवढं मला कळलं. तुमच्या चिपीचं वाचताना तेच आठवलं.

पेडणेकार

@मडगावची ताई, यावर मी वाद घालणार. पन्नास वर्षं सगळं दक्षिणेत आणि किनाऱ्यावर गेलं, पेडणे म्हणजे मागासलेला तालुका. आमच्याकडे पहिल्यांदा काहीतरी मोठं आलं. दाबोळीचा धंदा कमी झाला म्हणून मोपा नको हे आम्ही कसं मानायचं? पहिल्या टप्प्यातच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय आहे तिथे.

पण तुमचं दुःख खोटं नाही. आणि आमच्यावर आलेलं दुसरं संकट सांगतो, विमानतळापेक्षा मोठं. जमिनी. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, ५ जानेवारी २०२३ ला पहिलं प्रवासी विमान, पण जमिनीचे दलाल त्याच्या कितीतरी आधी आले होते. २०२३ मध्ये पेडण्याच्या झोनिंग प्लॅनचा, म्हणजे जमीन वापराच्या आराखड्याचा, मसुदा आला, त्यात शेतं, बागायती, डोंगर सगळ्याचे रंग बदललेले. गावागावात लोक उठले, आमच्या तालुक्यात इतकी माणसं एकत्र मी कधी पाहिली नव्हती, आणि तो मसुदा गुंडाळावा लागला. तरी विक्री थांबलेली नाही. सिंधुदुर्गवाल्यांनो, तुमच्याकडे पण बांदा, आरोंदा, रेडी बाजूला तेच चालू आहे. विमानतळ कोणाचा यावर भांडताना सातबारा कोणाच्या नावावर जातोय ते बघा.

आरोंदेकर

@पेडणेकार शंभर टक्के. आमच्या खाडीकाठच्या भातशेतीच्या तीन कुणग्या गेल्या वर्षी विकल्या गेल्या, घेणाऱ्याला आम्ही पाहिलेलंच नाही. चुलत्याने विकल्या. आता त्याच्याशी बोलणं बंद आहे आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

चाकरमानी_लालबाग

मंडळी, विषय थोडा वेगळा, पण विमानाच्या आधी आमच्या हायवेचं आणि रेल्वेचं बोला ना. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय आणि अजून दुपदरी झाली ती रोहा ते वीर एवढीच. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ ला झालं, तिथे आजही गाडी सुटण्यासारखं टर्मिनस नाही. गणपतीचं तिकीट दोन महिने आधी खिडकी उघडली की मिनिटात संपतं. आमच्या चाळीतल्या किती जणांना विमान परवडणार? शंभर माणसं गावाला जातात त्यात विमानाने दोन. त्या दोघांसाठी दोन राज्यांनी दोन सडे फोडले असं मला कधी कधी वाटतं.

वेंगुर्ल्याची

@चाकरमानी_लालबाग दादा मुद्दा बरोबर पण हे एकातून दुसरं काढून घेतल्यासारखं का बघायचं? विमानतळ बांधला नसता तर ते पैसे टर्मिनसला गेले असते असं थोडंच आहे. चिपी तर खासगी कंपनीने बांधून चालवायला घेतलाय.

हवाईगणित

दोन राज्यांनी दोन सडे, यावर एक नियमाची गोष्ट. केंद्राचं २००८ चं धोरण सांगतं की चालू नागरी विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत नवा काढायचा असेल तर सहज परवानगी नाही, सरकारने प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं, जुन्यावर काय परिणाम होईल ते बघायचं. दाबोळी, मोपा, चिपी हे तिन्ही एकमेकांपासून त्या अंतराच्या कितीतरी आत. तिन्हींना परवानग्या मिळाल्या. प्रत्येक वेळी त्या एका विमानतळाचा विचार झाला, तिघांचा मिळून कधी झाला नाही. माझ्या मते खरी चूक तिथे आहे. कोकण आणि गोवा हा प्रवाशाच्या दृष्टीने एकच पट्टा आहे, सीमा आपल्यासाठी. महाराष्ट्र आणि गोव्याने एकत्र बसून ठरवायला हवं होतं की लांबची, परदेशी विमानं कुठे, छोटी विमानं कुठे, आणि तिघांना जोडणारी बस कोण चालवणार.

शिर्डीकर

आमचं उदाहरण देतो. शिर्डीजवळ काकडीला विमानतळ झाला, १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन. आमचा चालला, कारण दिल्ली, हैदराबाद, चेन्नईहून भक्त येतात, बारा महिने येतात. तरी अंधार पडल्यावर विमान उतरायची सोय व्हायला २०२५ उजाडलं. काकडी गावाने जमीन दिली, त्यांना पाणी, रस्ते, नोकऱ्या यांसाठी वर्षानुवर्षं निवेदनं द्यावी लागली. म्हणजे विमानतळ चालला तरी जमीन देणाऱ्याचं आपोआप भलं होत नाही, ते वेगळं मागावंच लागतं.

तुमचा हंगाम दिवाळी ते मे. पावसाळ्यात कोण येणार हा मला पडलेला प्रश्न.

कातळफूल

@शिर्डीकर पावसाळ्यातच यावं असं कोकण आहे खरं तर! पण तुमचा मुद्दा कळला.

अंजीरवाला

पर्यटनाचा विषय नाही पण राहवत नाही म्हणून लिहितोय. मी पुरंदरचा. आमची सात गावं, पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, विमानतळासाठी ठरली. २०२५ च्या मे मध्ये ड्रोन सर्वे आला तेव्हा म्हातारी माणसं उन्हात रस्त्यावर बसली, लाठीमार झाला. अंजीर, सीताफळाच्या बागा आहेत आमच्या, पुरंदरच्या अंजिराला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. वीस वर्षांची बाग मोबदल्यात कशी मोजणार? तुमचा धागा मी पहिल्यापासून वाचतोय ते यासाठी की जमीन दिल्यावर दहा वर्षांनी माणसं काय बोलतात ते मला ऐकायचं होतं. @सड्यावरचा, तुमच्या आजोबांना पुढे काय वाटलं?

तिठ्यावरचा

@अंजीरवाला भाऊ, सड्यावरचा सांगेलच, मी माझं सांगतो. आमची पण गेली, थोडीच. पैसे आले ते घराच्या कौलांत आणि बहिणीच्या लग्नात गेले. वाढीव मोबदल्यासाठी बाबा एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले, चप्पल झिजली. जे कोणी जमीन देणार असतील त्यांनी सगळं कागदावर घ्या, नोकरीचा शब्द पण कागदावर, तोंडी शब्दाला माणूस बदलला की किंमत नाही.

निष्ठावंत_मालवण

इतकं सगळं लिहिलंत पण ज्यांनी विमानतळ आणला त्यांचं नाव घ्यायला कोणाला होत नाही. त्यांच्यामुळे सड्यावर विमान उतरलं हे विसरू नका.

वेंगुर्ल्याची

@निष्ठावंत_मालवण कोणाचं श्रेय काढून घेत नाही आम्ही. २०१८ च्या सप्टेंबरात चाचणीचं विमान गणपतीची मूर्ती घेऊन उतरलं, मार्च २०१९ ला टर्मिनलचं उद्घाटन फडणवीस आणि सुरेश प्रभूंनी केलं, २०२१ ला पुन्हा उद्घाटन ठाकरे-राणेंनी केलं. प्रत्येकाचा हात लागला हे मान्य. प्रत्येकाला हार घातला. आता यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा आहे, मुंबईचं विमान बंद पडू नये म्हणून २०२२ आणि २०२३ मध्ये तुम्ही काय केलंत? तेव्हा कोणीही विचारलं असतं तरी चाललं असतं, त्या पक्षाचा या पक्षाचा.

आणि नाव द्यायचंच तर बॅरिस्टर नाथ पैंचं द्या अशी आमची जुनी मागणी आहे. वेंगुर्ल्याचा माणूस. संसदेत बोलायला उभा राहिला की विरोधक पण ऐकायचे.

निष्ठावंत_मालवण

@वेंगुर्ल्याची नाथ पैंच्या नावाला माझा पण पाठिंबा. प्रश्न पण बरोबर आहे.

सोलकढी

अरे व्वा, या धाग्यावर दोन माणसं एकमेकांचं ऐकून पटलं म्हणाली, आज घरी घावणे करते.

सड्यावरचा

सगळ्यांचं वाचलं. दोन दिवस लिहायला बसलो नाही कारण @अंजीरवाला यांच्या प्रश्नाचं उत्तर मला आईला विचारावं लागलं. आजोबा २०२० मध्ये गेले, त्यांनी चाचणीचं विमान पाहिलं, प्रवासी विमान पाहिलं नाही. आई म्हणते शेवटच्या पावसाळ्यात ते रोज कुंपणापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. कशाला जायचे ते कोणी विचारलं नाही. जमीन दिल्याचं दुःख होतं का, तर आई म्हणाली, "दिल्याचा नाय. गुरांका चराक जागा रवली नाय म्हणान चार गुरां इकली, त्याचा होता." मोबदल्याच्या कागदावर गुरांचा रकाना नव्हता, हे मला आज कळलं. अंजीरवाला, तुमच्या गावात कागद होतील तेव्हा हे लक्षात ठेवा.

आईला मी धाग्यातला प्रश्न पण विचारला, चिपी हवा की मोपा. तिचं उत्तर जसंच्या तसं देतो. "झिला, विमान इला तर आवाज येता. नाय इला तर तिठ्यावरचे गाडीवाले सांजेक लवकर घराक येतत आणि त्यांची त्वांडा उतरलली असतत. माका इतक्याच कळता."

त्यामुळे मला आता सांगता येतंय की मला चिपी का हवाय. मोपा मी वापरणारच, बाबांच्या वेळी त्यानेच पोचवलं. पण सडा एकदा फुटला, गुरं विकली गेली, तिठ्यावरच्यांनी हप्त्याच्या गाड्या घेतल्या, रापणने खोल्या बांधल्या. इतकं घेतल्यावर तो विमानतळ रिकामा ठेवणं मला सहन होत नाही. तिथे विमान उडायलाच हवं, आणि उरलेल्या सड्याला हात लागता नये. @कातळफूल तुमचं वाक्य निवेदनात पहिलं घालूया.

@हवाईगणित 'नवी मुंबई-चिपी, सकाळी, रोज' याचा मसुदा तुम्ही करून द्याल का?

हवाईगणित

देतो. रविवारपर्यंत. त्यात दोन गोष्टी आणखी घालतो, विमानाच्या वेळेला कुडाळ, मालवण, वेंगुर्ला अशी एसटी, आणि सरकारी मदत संपायच्या एक वर्ष आधी जिल्ह्यात जाहीर बैठक. म्हणजे परत अचानक बंद झालं असं होणार नाही.

पेडणेकार

चिपी ते मोपा बस पण घाला रे त्यात. आमच्याकडून मी तालुक्यातल्या चार पंचायतींशी बोलतो. आमच्या लोकांना मालवण बघायला यायचं असतं, गाडी मिळत नाही.

तिठ्यावरचा

बस झाली तर आमची भाडी जातील असं पहिलं मनात आलं. मग वाटलं बस बसस्टँडला सोडणार, घरापर्यंत आम्हीच. घाला.

रापण

निवेदनाच्या प्रती काढायचा खर्च माझा. आणि कातळफूल बाई, ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन भोगव्याच्या सड्यावर या, जेवण माझ्याकडे.

कातळफूल

येते. सत्तावीस मुलं आहेत, त्यातली नऊ शाकाहारी.